बाहेरची डिस्क संगणकावरून काढताना: कोणते सेटिंग बदलावे, कोणते बदलू नये

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. फोंड्याला आपला छायाचित्रणाचा स्टुडिओ आहे. लग्ने, जत्रा आणि उत्सवी नाटकांचे चित्रण आपण दोन बाह्य डिस्कवर ठेवता. त्यातली एक फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क आहे आणि दुसरी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली, चिपांवर मजकूर ठेवणारी डिस्क. काम संपल्यावर डिस्क काढायला जावे तर विंडोज पुष्कळदा ‘हे उपकरण वापरात आहे’ असे सांगून अडवते, आणि घाईच्या वेळी आपण वायर तशीच ओढता. मध्यंतरी म्हापशाच्या अल्बम छापणाऱ्याकडे नेलेल्या एसएसडीवरच्या एका फोल्डरमधील शेवटची काही छायाचित्रे उघडलीच नाहीत. तेव्हा असे एखादे सेटिंग आहे का, की जे केल्यावर ‘इजेक्ट’ करण्याची, म्हणजे वायर काढण्याआधी संगणकाला डिस्क सोडायला सांगण्याची कटकट कायमची संपेल, असे आपण विचारले आहे.

असे सेटिंग आहे, त्याचे नाव ‘क्विक रिमूव्हल’, आणि बहुधा ते आपल्या संगणकावर आधीपासूनच चालू असेल. मात्र आपण समजता तेवढे संरक्षण ते देत नाही. विंडोजने आपल्या हाताशी राखून ठेवलेल्या मजकुराचा प्रश्न ते सोडवते, पण एखाद्या प्रोग्रॅमने उघडून ठेवलेल्या फायलीचा किंवा डिस्कने स्वतःच्या पोटात ठेवलेल्या मजकुराचा प्रश्न त्याच्या आवाक्याबाहेरचा आहे. आपली छायाचित्रे यांपैकी कोणत्या कारणाने गेली हे कळल्याशिवाय नुसते सेटिंग बदलून पुढच्या वेळी तसे होणार नाही, याची हमी मी देणार नाही.

आधी मुळाशी काय घडते ते पाहू. आपण फाइल कॉपी करता तेव्हा तिचा मजकूर प्रथम संगणकाच्या मेमरीत येतो आणि तेथून डिस्कवर जातो. डिस्क मेमरीपेक्षा कितीतरी संथ असल्यामुळे दर लहान तुकड्यासाठी तिची वाट पाहत बसण्यापेक्षा तुकडे साठवून एकदम लिहिणे संगणकाला सोयीचे पडते. रायबंदरच्या धक्क्यावरील फेरीबोट एका स्कूटरसाठी चोडणला जात नाही. आणखी वाहने चढेपर्यंत ती थांबते, आणि स्कूटर बोटीवर चढलेली पाहून घरी परतलेल्या माणसाला मात्र ती पलीकडे पोहोचली असे वाटते. या साठवणुकीला राइट कॅशिंग म्हणतात. विंडोजमध्ये हे काम पाहणारा ‘लेझी रायटर’ नावाचा भाग दर सेकंदाला जागा होऊन मेमरीतल्या न लिहिलेल्या तुकड्यांपैकी (त्यांना ‘पाने’ म्हणतात) सुमारे एक अष्टमांश पाने लिहिण्यासाठी रांगेत लावतो. याचा अर्थ असा की, पडद्यावरील हिरवी पट्टी पूर्ण झाल्याचा क्षण आणि मजकूर खरोखर डिस्कवर उतरल्याचा क्षण हे दोन वेगळे असू शकतात, आणि त्या दोहोंच्या मध्ये वायर ओढली गेली तर जे बोटीवर होते ते गेले.

या मधल्या काळाचे काय करायचे, हे ठरवण्यासाठी विंडोज प्रत्येक बाह्य डिस्कला दोनपैकी एक धोरण लावते. ‘क्विक रिमूव्हल’ या धोरणात विंडोज त्या डिस्कसाठी लेखन साठवून ठेवत नाही. वेग थोडा कमी होतो, पण लिहिणे संपल्यावर ‘इजेक्ट’ न करताही डिस्क काढता येते. ‘बेटर परफॉर्मन्स’ या धोरणात साठवणूक चालू राहते, वेग वाढतो, आणि त्याच्या बदल्यात दर वेळी ‘सेफली रिमूव्ह हार्डवेअर’ या मार्गानेच डिस्क काढण्याची जबाबदारी वापरणाऱ्यावर येते. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ च्या अखेरीस आलेल्या आवृत्तीपासून, मूळ धोरण बदलून ‘क्विक रिमूव्हल’ केले. त्याआधी ते ‘बेटर परफॉर्मन्स’ होते. विंडोज ११ मध्येही ‘क्विक रिमूव्हल’ हेच मूळ धोरण आहे. त्यामुळे जुन्या संगणकावर पडलेली सवय आणि नव्या संगणकाची वागणूक यांचा मेळ बसत नाही, आणि एकाच स्टुडिओतल्या दोन संगणकांवर तीच डिस्क दोन तऱ्हांनी वागताना दिसते.

धोरण पाहण्यासाठी डिस्क जोडून ठेवावी, स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडावे, आणि खालच्या भागात जिथे ‘डिस्क १’, ‘डिस्क २’ अशी नावे डावीकडे दिसतात तिथे आपल्या डिस्कच्या नावावर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ व त्यातले ‘पॉलिसीज’ हे पान उघडावे. नाव डावीकडच्या राखाडी चौकटीतलेच निवडावे, कारण उजवीकडच्या पट्टीवर क्लिक केल्यास त्या ड्राइव्हची प्रॉपर्टीज उघडते आणि तिथे हे पान सापडत नाही. कोणती डिस्क आपली याची खात्री आकारमानावरून आणि ड्राइव्हच्या अक्षरावरून करून घ्यावी. बदल करायला प्रशासकाचे अधिकार लागतात, आणि कधी संगणक पुन्हा सुरू करण्याची सूचनाही येते. येथे एक बारकावा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. हे धोरण दर डिस्कसाठी वेगळे असते, आणि ती डिस्क त्याच संगणकाच्या त्याच पोर्टला, म्हणजे वायर लावण्याच्या त्याच खाचेला, पुन्हा जोडली तरच ते टिकते. पुढच्या पोर्टला लावून केलेला बदल मागच्या पोर्टला लागू असेलच असे धरून चालू नये. ज्याने ‘बेटर परफॉर्मन्स’ निवडले आहे त्याने तर त्या डिस्कचा पोर्ट ठरवूनच टाकावा.

याच पानावर ‘बेटर परफॉर्मन्स’च्या खाली दोन चौकोन असतात. पहिला राइट कॅशिंग चालू करण्याचा असतो, आणि तो या धोरणाचा भागच आहे. दुसरा मात्र ‘टर्न ऑफ विंडोज राइट-कॅश बफर फ्लशिंग’ असा असून त्याला हात लावू नये. विंडोज अधूनमधून डिस्कला ‘तुझ्याकडे साठलेले सर्व आता खरोखर लिहून टाक’ असा आदेश देत असते. या चौकोनात खूण केली की तो आदेश जाणेच थांबते. ज्या डिस्कला वीज गेल्यावरही तग धरणारा स्वतंत्र पुरवठा आहे तिच्यासाठी ही सोय ठेवलेली आहे, आणि यूएसबीवर चालणाऱ्या डिस्कला तसा पुरवठा नसतो. वेग वाढवण्याच्या युक्त्या सांगणारे पुष्कळ जण या खुणेची शिफारस करतात, पण स्टुडिओच्या डिस्कवर ती केलेली दिसली की मी सर्वांत आधी ती काढतो.

गोव्यात हा विषय जूनपासून अधिकच जवळचा होतो. झाडाची फांदी तारेवर पडून वीज जाणे हा पावसाळ्यातला नेहमीचा प्रकार आहे, आणि डेस्कटॉप संगणकाची वीज अचानक जाणे हे साठवलेल्या लेखनाच्या दृष्टीने वायर ओढण्याइतकेच घातक असते. तिथे ‘इजेक्ट’ करण्याची शिस्त कितीही कडक पाळली तरी तिचा उपयोग नाही. म्हणून ‘बेटर परफॉर्मन्स’ निवडायचेच असेल तर ते केवळ कायम जोडून ठेवलेल्या, यूपीएसवर चालणाऱ्या संगणकाच्या डिस्कसाठी निवडावे. आपली फिरती हार्ड डिस्क संग्रहासाठी टेबलावरच राहत असेल आणि यूपीएस चांगल्या स्थितीत असेल, तर तिला हे धोरण चालेल. कार्यक्रमाला, छपाईला आणि ग्राहकाच्या घरी जाणाऱ्या एसएसडीला मात्र ‘क्विक रिमूव्हल’च ठेवावे. मोठ्या व्हिडिओ फायली सलग कॉपी करताना दोहोंच्या वेगातला फरक फारसा जाणवत नाही. तो जाणवतो हजारो लहान फायली लिहिताना, आणि तेवढा उशीर सोसण्यासारखा आहे.

आता ‘क्विक रिमूव्हल’ कुठे अपुरे पडते ते पाहू, कारण आपली अडचण माझ्या मते इथेच आहे. छायाचित्रांचा कॅटलॉग किंवा व्हिडिओ संपादनाचा प्रोजेक्ट आपण थेट बाह्य डिस्कवरून उघडला असेल, तर तो प्रोग्रॅम स्वतःचे बदल स्वतःच्या मेमरीत बाळगून असतो आणि त्याला योग्य वाटेल तेव्हा ते लिहितो. विंडोजने स्वतः काही साठवले नाही म्हणून त्या प्रोग्रॅमने साठवले नाही असे होत नाही. कॅटलॉग म्हणजे शेवटी एक डेटाबेस असतो, आणि त्याच्यावर लेखन चालू असताना डिस्क गेली तर एका चित्रापुरते नुकसान न होता संपूर्ण कॅटलॉगच उघडेनासा होण्याची शक्यता असते. दुसरे कारण डिस्कच्या आत असते. हल्लीच्या पुष्कळ स्वस्त आणि मोठ्या बाह्य हार्ड डिस्क ‘एसएमआर’ पद्धतीच्या असतात. त्यांत तबकडीवरचे माग, म्हणजे मजकूर लिहिण्याच्या वर्तुळाकार ओळी, एकमेकांवर कौलांसारखे चढवलेले असल्यामुळे नवा मजकूर आधी एका राखीव भागात उतरतो आणि मागाहून त्याच्या खऱ्या जागी हलवला जातो. कॉपी पूर्ण होऊनही दिवा काही मिनिटे लुकलुकत राहतो तो यामुळे. त्या काळात डिस्क काढली तर मजकूर सहसा जात नाही, कारण अर्धवट राहिलेले काम डिस्क पुढच्या जोडणीनंतर पूर्ण करते, पण दिवा स्थिर होईपर्यंत थांबण्याने आपले काही बिघडत नाही.

आपल्या हरवलेल्या छायाचित्रांबद्दल मला अधिक संशय फाइल प्रणालीचा, म्हणजे डिस्कवर फायली मांडण्याच्या पद्धतीचा आहे. मॅक आणि विंडोज दोहोंवर लिहिता यावे म्हणून स्टुडिओवाले एसएसडी ‘एक्सफॅट’मध्ये ठेवतात. कॅमेऱ्यातील ३२ जीबीपेक्षा मोठी एसडीएक्ससी कार्डेही याच प्रणालीची असतात. ‘फॅट३२’मध्ये एका फाइलला ४ जीबीची मर्यादा आहे आणि ती एक्सफॅटने दूर केली, ही सोय खरी. परंतु एक्सफॅटला जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही नाही. ‘एनटीएफएस’ आपल्या रचनेतील प्रत्येक बदल आधी एका नोंदवहीत टिपून ठेवते आणि काम अर्धवट राहिले तर पुढच्या जोडणीच्या वेळी ती नोंद वाचून रचना पूर्ववत करते. एक्सफॅटकडे असे काही नसते, आणि फॅट३२ फाइलच्या तुकड्यांच्या पत्त्याचा तक्ता दोन प्रतींत ठेवते तर एक्सफॅट साधारणपणे एकच प्रत ठेवते. त्यामुळे फोल्डरमध्ये नाव आले आहे, आकारही दिसतो आहे, पण आतला मजकूर पोहोचलेला नाही, असा प्रकार एक्सफॅटवर घाईने काढलेल्या डिस्कमध्ये घडू शकतो, आणि तो शेवटी कॉपी झालेल्या फायलींच्या बाबतीत घडतो. आपण सांगितलेले लक्षण याच्याशी तंतोतंत जुळते. एनटीएफएसचे जर्नलही रचना वाचवते, मजकूर नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. तरीही ही एसएसडी मॅकवर लिहिण्यासाठी लागत नसेल तर ती एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करून घेणे हितकारक ठरेल. मॅक एनटीएफएस वाचू शकतो, फक्त त्यावर मूळ सोयीने लिहू शकत नाही, आणि छापणाऱ्याला तेवढे पुरते. फॉरमॅटने डिस्कवरचे सर्व पुसले जाते, म्हणून त्याआधी सगळे दुसरीकडे उतरवावे.

आता ‘हे उपकरण वापरात आहे’ या सूचनेकडे वळू. ही सूचना कोणीतरी डिस्क धरून ठेवली आहे एवढे सांगते आणि धरणाऱ्याचे नाव सांगत नाही, म्हणून ती चिडवणारी वाटते. नाव मात्र विंडोज लिहून ठेवते. ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडून ‘विंडोज लॉग्ज’मधील ‘सिस्टम’ या नोंदी पाहाव्यात. काढण्याचा प्रयत्न फसला त्या वेळेच्या आसपास ‘कर्नल-पीएनपी’ या स्रोताची २२५ क्रमांकाची नोंद सापडते आणि तीत कोणत्या प्रोग्रॅमने अडवले त्याचे नाव व प्रोसेस क्रमांक असतो. अंदाजाने एकेक खिडकी बंद करत बसण्यापेक्षा ही नोंद वाचणे किती तरी कमी वेळाचे काम आहे, आणि ती दोन-तीनदा वाचली की आपल्या स्टुडिओतला नेहमीचा गुन्हेगार कोण तेही कळते. छायाचित्रणाच्या कामात तो बहुधा संपादनाचा प्रोग्रॅम किंवा त्याने मागे सोडलेली लघुचित्रे तयार करणारी प्रक्रिया असते. खिडकी बंद केली तरी ही प्रक्रिया पार्श्वभूमीत चालू राहते. त्याखालोखाल अँटिव्हायरसची तपासणी, विंडोजचे शोध-अनुक्रमण (शोध लवकर लागावा म्हणून फायलींची सूची बनवणे, म्हणजे ‘इंडेक्सिंग’) आणि क्लाउडवर प्रत पाठवणारे प्रोग्रॅम येतात. कधी कधी चालू प्रक्रिया पाहण्यासाठी उघडलेला टास्क मॅनेजरच डिस्क धरून बसतो, आणि तो बंद करताच डिस्क सुटते.

तात्काळ पाहायचे असेल तर ‘रिसोर्स मॉनिटर’मधील ‘सीपीयू’ या पानावर ‘असोसिएटेड हँडल्स’ नावाचा शोध आहे. तिथे ड्राइव्हचे अक्षर व त्यापुढे विसर्गासारखे दोन ठिपके टाइप केल्यास त्या डिस्कवरच्या उघड्या फायली आणि त्या धरणारे प्रोग्रॅम यांची यादी दिसते. संपादनाचा प्रोग्रॅम तिथे सापडला तर त्याच्या मेनूतून तो रीतसर बंद करावा. ‘एंड प्रोसेस’ हा शेवटचा उपाय आहे, कारण त्याने तोच धोका उद्भवतो जो टाळायला आपण बसलो आहोत. अनुक्रमणाचा त्रास वारंवार होत असेल तर ‘इंडेक्सिंग ऑप्शन्स’मधून ती ड्राइव्ह वगळून टाकावी. नोंदीत नुसते ‘सिस्टम’ असे नाव असेल आणि काहीच उलगडत नसेल, तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये त्या डिस्कच्या नावावर उजवी क्लिक करून ‘ऑफलाइन’ करावे. त्यानंतर विंडोज ती डिस्क सोडते. ही सोय हार्ड डिस्क व एसएसडीसाठी असते, पेन ड्राइव्हसाठी नसते, आणि पुढच्या वेळी डिस्क दिसली नाही तर तिथेच जाऊन ‘ऑनलाइन’ करावे लागते.

एवढ्यानेही काम झाले नाही तर संगणक बंद करून डिस्क काढणे हा सरळ मार्ग उरतो. मात्र विंडोज ८ पासून आलेले ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर ‘शट डाउन’ हे पूर्ण बंद होणे नसते. विंडोजचा गाभा तेव्हा झोपेत जाण्यासारखा जतन केला जातो. ती डिस्क मग विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली असलेल्या संगणकावर नेली तर तो पुष्कळदा तिच्यावर लिहू देण्यास नकार देतो, आणि तो नकार योग्यच असतो. शिफ्ट दाबून ‘शट डाउन’ निवडले तर संगणक खरोखर पूर्ण बंद होतो. ‘स्लीप’ किंवा ‘हायबरनेट’मध्ये असलेल्या संगणकाची डिस्क काढून दुसरीकडे लिहिणे आणि पुन्हा आणून जोडणे हा तर याहून वाईट प्रकार, कारण जागा झालेला संगणक आपल्या जुन्या आठवणीवर विसंबून लिहू लागतो.

फिरत्या हार्ड डिस्कसाठी, धोरण कोणतेही असो, मी ‘इजेक्ट’ करायलाच सांगेन. त्यामागचे कारण मजकुराइतकेच यंत्राचे आहे. ‘इजेक्ट’ केल्यावर डिस्क आपले वाचनशीर्ष शिस्तीने जागेवर नेते व तबकडी थांबवते. वायर ओढल्यावर तेच शीर्ष उरल्यासुरल्या ऊर्जेने घाईने मागे खेचावे लागते. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी ‘स्मार्ट’ नावाची नोंद ठेवते तीत १९२ क्रमांकाखाली अशा अचानक माघारी बहुधा मोजलेल्या असतात. जुनी डिस्क हाती आली की मी हा आकडा पाहतो, कारण तिच्या मालकाच्या सवयी त्यात उतरलेल्या असतात. तबकडीचा आवाज थांबेपर्यंत डिस्क उचलू नये. एसएसडीला तबकडी नाही, पण तिच्या आत मजकुराच्या जागांचा नकाशा सतत बदलत असतो, म्हणून लेखन चालू असताना वीज तोडणे तिलाही मानवत नाही.

कोणी हात न लावता डिस्क मध्येच तुटत असेल तर ते वेगळे दुखणे आहे. यूएसबी २.० च्या पोर्टमधून ५०० आणि ३.० च्या पोर्टमधून ९०० मिलिअँपिअर वीज मिळते. स्वतंत्र पुरवठा नसलेल्या हबला कार्ड रीडर, माउस आणि हार्ड डिस्क एकत्र लावली तर डिस्कच्या वाट्याला पुरेशी वीज येत नाही. ती डिस्क थेट संगणकाला जोडावी. ‘पॉवर ऑप्शन्स’च्या प्रगत सेटिंगमध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’, म्हणजे वीज वाचवण्यासाठी यूएसबी उपकरण झोपवण्याची सोय, बंद करून पाहावे. तरीही तुटत असेल तर वायर बदलावी. किनाऱ्याजवळच्या दमट, खारट हवेत टोके काळवंडतात, आणि हार्ड डिस्कच्या रुंद, चपट्या सूक्ष्म पिनेचे टोक सैल पडायला वेळ लागत नाही.

ग्राहकाच्या किंवा छपाईवाल्याच्या संगणकावर हे सारे सेटिंग गैरलागू असते, कारण धोरण डिस्कबरोबर जात नाही. मॅकवर ‘इजेक्ट’ला पर्याय नाही. लिनक्सवर तर अधिक सावध राहावे, कारण तिथे मूळ मांडणीनुसार उपलब्ध मेमरीच्या २० टक्क्यांपर्यंत लेखन साठून राहू शकते. कॉपीची पट्टी क्षणात भरते आणि ‘अनमाउंट’ करायला काही मिनिटे लागतात. त्या मिनिटांत संगणक अडकलेला नसतो. तो तेव्हाच खरे लिहीत असतो.

शेवटी, चुकीने काढलेली डिस्क पुन्हा जोडल्यावर काय करायचे ते. विंडोजने ‘फॉरमॅट करा’ असे विचारले तर नकार द्यावा. नवे काहीही त्या डिस्कवर लिहू नये, आणि जेवढे वाचता येते तेवढे आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावे. त्यानंतरच ड्राइव्हच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘टूल्स’ या पानावरून ‘एरर चेकिंग’ चालवावे. हा क्रम उलटा करू नये, कारण दुरुस्तीचे हे साधन रचना सुसंगत करण्यासाठी बनवलेले आहे आणि तसे करताना ते अर्धवट फायलींचे अवशेष तोडून वेगळे काढते. पुढे एखाद्या जाणकाराला छायाचित्रे परत मिळवायची असली तर त्याच अवशेषांवर त्याची मदार असते. आपल्या त्या छायाचित्रांसाठी कॅमेऱ्याचे मूळ कार्ड अजून पुन्हा वापरले नसेल, तर म्हापशाहून परत आणलेल्या एसएसडीवर काही करण्याआधी ते कार्ड तपासावे.